चौसष्ट अक्षरांचं बिल

उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनच्या आसपासच्या कुठल्याही रेशन दुकानात माल आल्याच्या दिवसांत जरा वेळ उभं राहून बघा. वजनकाट्याशेजारी एक छोटं यंत्र असतं, ई-पॉस. दुकानदार त्यात कार्डाचा बारा आकडी नंबर टाकतो. पडद्यावर घरातल्या माणसांची नावं उमटतात आणि समोरची बाई अंगठा टेकवते. तो ठसा शिधावाटप कार्यालयात जाऊन साहेबाच्या टेबलावर पडून राहत नाही, तो थेट आधारच्या यंत्रणेकडे जातो. तिथून होकार येतो आणि यंत्रातून पावतीची चिंचोळी पट्टी बाहेर पडते: गहू इतका, तांदूळ इतका. सगळं मिळून काही सेकंद.

आता याच रांगेत जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणारा उत्तर प्रदेशचा एक कारागीर उभा आहे असं धरा. त्याचं रेशन कार्ड त्याच्या गावच्या कोटेदाराच्या दुकानाशी जोडलेलं आहे, हजारेक किलोमीटर लांब. तरीही तो इथे अंगठा लावतो आणि त्याच्या वाटचं धान्य त्याला इथे मिळतं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही सोय ९ ऑगस्ट २०१९ रोजी दोन जोड्यांपासून सुरू झाली. त्यातली एक जोडी आंध्र-तेलंगणाची आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. जून २०२२ मध्ये आसाम सामील झालं आणि सगळा देश त्यात आला. गावाकडच्या दुकानात त्याच महिन्यात त्याचा तेवढा कोटा कमी झालेला असतो. दोन दुकानदारांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, पण त्यांच्या वह्या जुळलेल्या असतात.

या सगळ्यात मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. दुकान खाजगी आहे. दुकानदाराने कधी कॉम्प्युटर घेतला नव्हता, घ्यायचा विचारही केला नव्हता. महाराष्ट्रात अशी पन्नास हजारांहून जास्त दुकानं आहेत. २०१७-१८ च्या सुमारास त्यांच्या काउंटरवर ई-पॉस यंत्रं बसली आणि एवढा मोठा किरकोळ व्यापार रजिस्टरवरून उठून सर्व्हरवर जाऊन बसला. ते कुठल्या जाहिरातीमुळे झालं नाही, कुणा हुशार सेल्समनमुळेही नाही. सरकारने यंत्रं घेतली, म्हणून दुकान बदललं.

सरकारने काही डिजिटल विकत घेतलं की आपल्या डोळ्यांसमोर चित्र येतं ते कचेरीतल्या टेबलाचं. नवा कॉम्प्युटर, प्लॅस्टिकचं कव्हर, बाजूला फायलींचा ढीग. पण सरकारच्या प्रत्येक टेबलाला दुसरी बाजू असते आणि त्या बाजूला कुणीतरी व्यापारी, कारखानदार, ठेकेदार किंवा दुकानदार उभा असतो. टेबलावरचं यंत्र बदललं की त्यालाही बदलावं लागतं. त्याने हो म्हटलं का, हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. म्हणून सरकारी खरेदीची एक ऑर्डर हजारो खाजगी गाळ्यांमध्ये पोहोचते, आणि हे गेली सव्वाशेहून जास्त वर्षं जगभर चाललं आहे.

अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची गोष्ट यात सगळ्यात आधीची. १८८० च्या जनगणनेची आकडेमोड हाताने करता करता जवळजवळ दशकभर चालली होती. हर्मन हॉलरिथ नावाच्या इंजिनियरने भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं मोजणीयंत्र बनवलं आणि जनगणना खात्याने ते भाड्याने घेतलं. सरकारी कामात यंत्र सिद्ध झालं, तशी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने तेच तंत्र मालवाहतुकीच्या हिशेबाला लावलं. हॉलरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या वेळी पुन्हा तेच घडलं. १९६२ साली एका इंटिग्रेटेड सर्किटची सरासरी किंमत ५० डॉलरच्या घरात होती आणि गिऱ्हाईक जवळपास एकटं सरकारच होतं. १९६८ पर्यंत ती अडीच डॉलरच्या खाली आली आणि बाजारातला सरकारचा वाटा निम्म्याच्या आत गेला, कारण एव्हाना कारखाने आणि कंपन्याही चिप घेऊ लागल्या होत्या. पहिल्या महागड्या, अडखळत्या वर्षांचा खर्च सरकारने सोसला आणि पिकलेलं फळ सगळ्यांच्या हाती आलं. आपल्याकडे एलईडी दिव्यांचं ताजं उदाहरण आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी कंपनीने दिवा घेतला तो ३१० रुपयांना. घाऊक खरेदी वाढत गेली तसा २०१६ मध्ये दिवा ३८ रुपयांवर आला.

पण किंमत उतरणं ही या गोष्टीची सोपी बाजू झाली. उल्हासनगरात जे घडलं ते जास्त खोल आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये जीएसटीच्या जाळ्याचं काम इन्फोसिसला मिळालं, किंमत सुमारे १,३८० कोटी रुपये. तेव्हा जीएसटीचा कायदा यायचा होता, दर ठरायचे होते, संसदेत वाद चालू होते. पण संगणकाची ऑर्डर आधीच निघाली होती. १ जुलै २०१७ च्या मध्यरात्री जीएसटी लागू झाला आणि त्या खरेदीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस जागा झाला. तो होता उल्हासनगरच्या गाळ्यातला व्यापारी.

हे गाव व्यापाऱ्यांनीच उभं केलेलं आहे. कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते मिळालेलं ‘उल्हासनगर’ हे नाव. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून तसेच चालतात. सिंधमधले हे व्यापारी फाळणीपूर्वी हिशेब लिहायचे ते हटवाणिका नावाच्या खास व्यापारी लिपीत. बाहेरच्याला ती वाचता येत नसे. त्यांच्या नातवंडांच्या हिशेबाला आज काय रूप आलं आहे ते बघितलं की एका घराण्याच्या तीन पिढ्यांत किती मोठं अंतर कापलं गेलं हे कळतं.

ई-इनव्हॉइसच घ्या. एका ठरावीक उलाढालीच्या वरच्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याचं बिल फाडताना ते आधी सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. पोर्टल त्या बिलाला एक ओळखक्रमांक देतं. तो ६४ अक्षरांचा असतो. आकडे शून्य ते नऊ आणि रोमन लिपीतली पहिली सहा अक्षरं, एवढ्यांतून तो बनतो. तो काढायला फक्त चार गोष्टी लागतात: विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा नंबर. या चारही गोष्टी गणिताच्या एका चरकातून काढल्या की हा क्रमांक तयार होतो. बिल नंबर ११७ ऐवजी ११८ केला तर नवा क्रमांक जवळजवळ सगळाच वेगळा येतो, जुन्याशी त्याचं काहीही साम्य दिसत नाही. शक्य असलेल्या क्रमांकांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. अंबरनाथच्या एमआयडीसीतून निघालेल्या पत्र्याच्या कपाटांच्या बिलाला अशी खूण मिळते, जी जगात दुसऱ्या कुठल्या बिलाला येण्याची शक्यता व्यवहारात नाहीच. आणि विकणाऱ्याचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर? सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, मग दहा अक्षरांचा पॅन, आणि अगदी शेवटचं अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं. कुणी नंबर उतरवताना एक अक्षर चुकवलं की ते शेवटचं अक्षर जुळत नाही आणि चूक जागीच पकडली जाते. आपल्या दुकानाच्या पाटीवर एवढं गणित टांगलेलं आहे हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं.

हे ई-इनव्हॉइस सगळ्यांवर एकदम आलं नाही. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झालं. जानेवारी २०२१ मध्ये १०० कोटी, एप्रिल २०२१ मध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबर २०२२ मध्ये १०, आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी. पायरी पायरीने उतरत तीन वर्षांत ते बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांतून उल्हासनगरच्या होलसेलवाल्याच्या काउंटरवर आलं. प्रत्येक पायरीला नवे धंदे आले आणि आधीच्या पायरीवरच्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांकडून करून घेतलेली दुरुस्ती त्यांना आयती मिळाली. ५ कोटींच्या व्यापाऱ्याने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल काढून एक बटण दाबलं की क्रमांक येतो. ते बटण त्याच्यासाठी वरच्या पायऱ्यांवरच्यांनी घासूनपुसून ठेवलं होतं.

ज्याची उलाढाल ५ कोटींच्या खाली आहे तोही यातून सुटत नाही, आणि मला वाटतं हाच या सगळ्या यंत्रणेचा खरा गाभा आहे. माल घेणाऱ्याला भरलेल्या कराची वजावट हवी असते. विकणाऱ्याने आपलं रिटर्न भरलं तरच ती घेणाऱ्याच्या ‘टू-बी’ नावाच्या विवरणात दिसते. म्हणून महिन्याच्या मध्यावर उल्हासनगरच्या बाजारात फोन सुरू होतात: ‘शेठ, तुमचं बिल टू-बीमध्ये दिसत नाही. पेमेंट थांबवलंय.’ एवढ्या एका वाक्याने लहान व्यापाऱ्याचं कच्चं बिल पक्कं होतं, चोपडी बाजूला पडते आणि भाच्याला टॅलीच्या क्लासला धाडलं जातं. तिथे कुणी इन्स्पेक्टर उभा नसतो. मोठी पार्टी धाकट्या पार्टीला बदलायला लावते, धाकटी तिच्याहून धाकटीला. सरकारने एक यंत्रणा विकत घेतली आणि तिची अंमलबजावणी व्यापाऱ्यांनीच एकमेकांवर केली.

अशा यंत्रणेने गावाचा धंदा वाकतो, तसा गावाच्या धंद्याने यंत्रणेलाही वाकावं लागतं. एक जीन्स पँट बघा. कापड एका गाळ्यात कापलं जातं, दुसरीकडे शिलाई होते, तिसरीकडे धुलाई, मग काज-बटण, मग प्रेस आणि पॅकिंग. प्रत्येक टप्प्याला माल टेम्पोत किंवा हातगाडीवर चढतो आणि गल्ल्या ओलांडतो. मे २०१८ मध्ये राज्यांतर्गत मालालाही ई-वे बिल, म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचं बिल, लागलं. नियम शब्दशः पाळायचा तर एकाच पँटच्या गठ्ठ्यासाठी दिवसभरात किती वेळा ऑनलाइन बिल काढावं लागलं असतं! त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने सवलत दिली: सूत, कापड आणि तयार कपडे जॉबवर्कसाठी राज्यात पन्नास किलोमीटरच्या आत जात असतील तर ई-वे बिल नको. भिवंडी, उल्हासनगर, इचलकरंजी, मालेगाव अशा गावांच्या गल्ल्यांचा नकाशा ज्याच्या डोक्यात आहे त्यालाच असा नियम सुचू शकतो. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर तयार कपड्यासारखं आलं होतं, ते अंगाला बसवून घ्यावं लागलं.

सहीचंही असंच झालं. कंपनी व्यवहार मंत्रालयाने टीसीएसकडून एमसीए-२१ नावाची यंत्रणा बांधून घेतली आणि १६ सप्टेंबर २००६ पासून कंपन्यांना सगळे फॉर्म ऑनलाइनच भरावे लागू लागले. त्यासाठी डिजिटल सही हवी. तोवर ही सही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पानांत सहा वर्षं पडून होती, बाजारात तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. एका सरकारी यंत्रणेने ती मागितली आणि अंबरनाथच्या केमिकल कंपनीच्या संचालकापासून ते कल्याणच्या बिल्डरपर्यंत सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्हसारखं टोकन आलं. आज ई-टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतं. त्याच्या आत एक गुप्त किल्ली असते आणि ती टोकनच्या बाहेर कधीच येत नाही. सही टोकनच्या आतच होते आणि तयार झालेली सही तेवढी कॉम्प्युटरला मिळते. अनेक छोट्या ऑफिसांत मात्र टोकन आणि त्याचा पिन दोन्ही सीएच्या कपाटात असतात. ते मला खटकतं, कारण मग सही मालकाची न राहता कपाटाची होते.

आता जेमकडे येऊ, म्हणजे सरकारच्या ई-बाजारपेठेकडे. ज्या खात्यामार्फत केंद्र सरकार पूर्वी वस्तू घ्यायचं ते ‘डीजीएसअँडडी’ खातं ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. त्या खात्याचा दर करार मिळवणं हे छोट्या कारखानदाराचं मोठं स्वप्न असायचं. त्याची जागा घ्यायला ९ ऑगस्ट २०१६ ला जेम सुरू झालं होतं. पहिल्या वर्षात तिथे ४२२ कोटी रुपयांची खरेदी झाली. २०२४-२५ मध्ये हा आकडा ५ लाख ४० हजार कोटींच्या पुढे गेला. नऊ वर्षांत हजार पटींहून जास्त वाढणारी बाजारपेठ आपल्या आयुष्यात क्वचितच बघायला मिळते.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार जुना आहे. तिथल्या एखाद्या टेबल बनवणाऱ्याने जेमवर टेबल विकायला ठेवायचं ठरवलं तर काय होतं? त्याचं सगळं माप फूट, इंच आणि सुतात असतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. ‘साडेचार फुटाला दोन सूत कमी घे’ असं तो कारागिराला सांगतो आणि टेबल अचूक होतं. जेमच्या फॉर्मवर सूत चालत नाही. लांबी मिलिमीटरमध्ये, रुंदी मिलिमीटरमध्ये, वरच्या फळीची जाडी मिलिमीटरमध्ये, पाय कशाचे, लॅमिनेट कसलं, ड्रॉवर किती, कुलूप आहे की नाही, वॉरंटी किती वर्षांची. प्रत्येकासमोर एक चौकट असते आणि चौकटीत यादीतलंच उत्तर निवडावं लागतं. शिवाय फोटो हवेत, मागे दुसरं काही न दिसणारे. मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड हवा, फर्निचरचा ९४०३.

आजवर ज्याचं टेबल ‘गिऱ्हाईक सांगेल तसं’ होतं, त्याला पहिल्यांदाच ठरवावं लागतं की आपलं टेबल नेमकं काय आहे. एकदा ते ठरलं की बरंच काही आपोआप ठरतं: फळी कापायचं माप कायमचं, लागणारा प्लाय किती, वाया किती जातो, एका टेबलाला खर्च किती. धंद्याचं डिजिटल होणं म्हणतात ते कित्येकदा स्क्रीनवर होत नाही, ते इथे होतं, फळीवर पेन्सिलीने रेघ ओढताना. तेच मोजमाप पुढे तो खाजगी शाळेला, बँकेला, ऑनलाइन दुकानांना पाठवू शकतो. सरकारने टेबल घेतलं की नाही हे नंतरचं. सरकारला टेबल दाखवायच्या तयारीतच त्याचा कारखाना बदलला.

खरेदीचे नियमही बघण्यासारखे आहेत. २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांत २०१९ च्या दुरुस्तीनंतर आकडे असे होते: २५ हजारांपर्यंतची वस्तू जेमवरच्या कुठल्याही योग्य विक्रेत्याकडून घेता येई, पाच लाखांपर्यंत तीन वेगवेगळ्या उत्पादकांत तुलना करून सगळ्यात स्वस्त, त्यावर बोली किंवा रिव्हर्स ऑक्शन. रिव्हर्स ऑक्शन म्हणजे उलटा लिलाव. वेळ सुरू होते आणि भाव खाली जाऊ लागतो. विठ्ठलवाडीच्या गाळ्यात बसलेला माणूस लुधियाना किंवा राजकोटच्या कुणाशी, नाव न कळता, शे-दोनशे रुपयांनी लढत असतो. माल पोहोचल्यावर सरकारी कचेरीने तो तपासून दहा दिवसांत ऑनलाइन स्वीकृती द्यायची आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. नियम हा असा आहे. केंद्र सरकारच्या खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २५ टक्के वाटा राखलेला आहे, त्यात महिलांच्या उद्योगांसाठी ३ आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, तीही ऑनलाइनच.

अंबरनाथला हे सगळं आणखी जवळून दिसतं. तिथे १९५३ पासून आयुध निर्माणी आहे, शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला देशभरच्या आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी गेली यंत्र इंडिया लिमिटेडकडे, प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगमकडे. एकाच गावातल्या दोन कारखान्यांची मुख्यालयं आता वेगळी, एकाचं नागपूर, दुसऱ्याचं चेन्नईजवळचं आवडी. यांना माल द्यायचा तर लेथवर काम करणाऱ्या लहान कारखान्यालाही ऑनलाइन टेंडर, तपासणीचे अहवाल, ड्रॉइंगची नेमकी आवृत्ती या सगळ्याची सवय लावून घ्यावी लागते. ती सवय लागली की खाजगी वाहन कंपनीच्या दारात उभं राहायला तो तयार असतो.

या सगळ्याची किंमतही आहे आणि ती लहानांनाच जास्त मोजावी लागते. उलट्या लिलावात टिकायचं म्हणून फळीची जाडी कमी करणारे असतात. नियमात दहा दिवस असले तरी पैशाची वाट महिनोन्महिने बघणारे असतात. आणि ‘जेम करून देतो’ म्हणणारा एक नवा मध्यस्थ जागोजागी उभा राहिला आहे. पासवर्ड त्याच्याकडे, टोकन त्याच्याकडे, मोबाइलवर येणारा ओटीपी तेवढा मालकाचा. अशा दुकानाचा कागद डिजिटल झालेला असतो, दुकान मात्र होतं तिथेच असतं. माझ्या मते फरक पडतो तो एका साध्या गोष्टीने: घरातलं किंवा दुकानातलं कुणीतरी ते पोर्टल स्वतः उघडायला शिकतं का?

आणि महाराष्ट्रात हे शिकण्याची वाटही एका सरकारी मागणीतूनच निघाली. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. राज्य सरकारने त्याच वर्षी नोकरीसाठी संगणकाचं ज्ञान आवश्यक ठरवलं. सरकारी नोकरी मिळण्याची आशा असलेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने मग तो कोर्स केला. कल्याणपासून बदलापूरपर्यंत प्रत्येक स्टेशनाबाहेर, जिन्याच्या वरच्या मजल्यावर, दहा-बारा कॉम्प्युटरांचे क्लास निघाले. सरकारी नोकरी सगळ्यांना थोडीच मिळणार होती! पण ती शिकलेली पोरं कुठे गेली? ती ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेली, केमिकल कारखान्याच्या स्टोअरमध्ये, सीएच्या ऑफिसात, जीन्सच्या होलसेलरकडे. ‘एमएस-सीआयटी, टॅली, मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४०’ ही ओळ आजही स्टेशनबाहेर चिकटवलेल्या नोकरीच्या जाहिरातींत वाचायला मिळते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा उल्हासनगरला लाखोंनी रिटर्नं भरणारे हात तयार मिळाले, कारण सोळा वर्षांपूर्वी सरकारने वेगळ्याच कामासाठी ते तयार करवले होते. हे कुणी योजलेलं नव्हतं, म्हणून तर ते इतकं विलक्षण वाटतं.

सरकारने चुकीचं घेतलं तर चूकही तितकीच दूर जाते. ई-टेंडरच्या सुरुवातीच्या वर्षांत डिजिटल सही चालायची ती ठरावीक ब्राउझरवर, इंटरनेट एक्सप्लोररवर, आणि जावाच्या ठरावीक आवृत्तीवर. ठेकेदारांच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर फक्त टेंडरसाठी राखलेला असे आणि त्यावर कागद चिकटवलेला असे, ‘अपडेट करू नये’. जगाने नवे ब्राउझर घेतले तरी तो कॉम्प्युटर तसाच राहिला. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा पाठिंबा जून २०२२ मध्ये काढून घेतला. एका खरेदीच्या वेळी बंदिस्त तंत्र निवडलं गेलं की हजारो खाजगी ऑफिसांची घड्याळं त्या तारखेला अडकून राहतात. उलट, यंत्रणा खुली असेल तर तिच्यावर दुसरे लोक नव्या गोष्टी बांधतात. जीएसटीच्या पोर्टलशी बोलणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपन्यांनाही बनवता येतं, म्हणून टॅलीपासून मोबाइलवरच्या बिलिंग ॲपपर्यंत शेकडो पर्याय उभे राहिले. आणि रिटर्नं नियमित भरलेली असली की बँकेला धंदा दिसतो. २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं ‘५९ मिनिटांत कर्ज’ पोर्टल जीएसटी रिटर्न, आयकर विवरण आणि बँकेचं स्टेटमेंट यांच्याच आधारावर तत्त्वतः मंजुरी देतं.

म्हणून उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद किंवा कुळगाव-बदलापूर नगरपरिषद एखादं सॉफ्टवेअर घेते तेव्हा ती बातमी फक्त पालिकेची नसते. मालमत्ता कराची यंत्रणा असो, बांधकाम परवानगीची असो की पाणीपट्टीची, तिच्या दुसऱ्या टोकाला आर्किटेक्ट, सोसायट्यांचे सेक्रेटरी, गाळेमालक, कारखानदार असतात. ती मराठीत चालते का, मोबाइलवर उघडते का, आपली माहिती आपल्याला काढून घेता येते का, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलते का, हे टेंडरच्या कागदात आधीच ठरलेलं असतं. तो कागद गुपित नाही. राज्याच्या ‘महाटेंडर्स’ पोर्टलवर लॉगिन न करता संस्थेच्या नावाने चालू निविदा शोधता येतात.

एकदा तरी शोधून बघावं. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इथल्या तरुणांनी तर आधी पात्रतेच्या अटींचं पान उघडावं. मागच्या तीन वर्षांची उलाढाल किती हवी आणि अशा किती कामांचा अनुभव हवा हे तिथे लिहिलेलं असतं. केंद्राच्या खरेदीत मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योगांना, गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पुरे होत असतील तर, या दोन्ही अटींतून सूट देता येते. पालिकेच्या टेंडरमध्ये तशी सूट ठेवली आहे की नाही ते त्याच पानावर कळतं. नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न विचारता येतो. अशी बैठक असेल तर तिची तारीख निविदेच्या तपशिलात असते.